पांढरीआईचा माथा

"बाई, कागद फाटला," भामा म्हणाली.

मी हजेरीचं पुस्तक खाली ठेवलं आणि जमिनीशी वाकले. आदल्या दिवशी शाळा सुटताना आम्ही फळ्याजवळच्या भेगेवर पतंगाच्या कागदाची एक पट्टी आडवी चिकटवली होती. डिंक मुलांनीच बाभळीवरून खरवडून आणला होता. भेग जिवंत आहे की मेलेली, ते हा कागद आपल्याला सांगेल, असं मी त्यांना म्हटलं होतं. मेलेली असेल तर कागद जसाच्या तसा राहील.

पट्टी मधोमध फाटली होती. दोन तुकड्यांच्या मध्ये माझं नख मावत होतं.

"म्हंजी जिती हाय!" नामा ओरडला. तो दुसरीत होता. बाईंचं म्हणणं खरं ठरलं याचाच त्याला आनंद झाला होता.

भामा चौथीत होती आणि वर्गात सगळ्यांत हुशार. ती ओरडली नाही. तिने पालथं होऊन जमिनीला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "आबा खणत्यात."

मग आम्ही सगळेच गप्प बसलो. आणि आम्हालाही ऐकू आलं. धप्. धप्. मध्ये थोडं थांबून पुन्हा धप्. खालून, आमच्या पायांच्या खालून.

ही गोष्ट चिलारवाडीची, माणदेशाच्या कडेची. मी तिथल्या एकशिक्षकी शाळेवर गेले तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची होते. वाईच्या काळ्याभोर मळ्यांतून आलेल्या मला तिथली जमीन पहिल्यांदा जमीन वाटलीच नव्हती. ओढ्याने पिढ्यान्‌पिढ्या आणून टाकलेली बारीक भुरी वाळू. मूठभर उचलली तर बोटांच्या फटींतून निघून जायची. पाऊस आधीच कमी, आणि पडला तरी त्या वाळूत थांबायचा नाही. शेणखत घातलं तर दोन पावसांत तेही खाली वाहून जायचं. मी मुलांना एकदा दाखवलं होतं. बुडाला भोक पाडलेली दोन मडकी घेतली, एकात शेतातली वाळू भरली आणि दुसऱ्यात वाळूत पांढर मिसळून भरली. दोन्हींत एक एक तांब्या पाणी ओतलं. पहिल्यातून लगेच धार लागली. दुसऱ्यातून बराच वेळ काहीच आलं नाही आणि मग एकेक थेंब पडू लागला. का झालं असेल, असं विचारल्यावर भामाच म्हणाली होती, "बाई, वाळू पाणी पीतच न्हाई. नुसती वाट देती."

पांढर म्हणजे जुनं गावठाण. फार पूर्वी मरीच्या साथीत चिलारवाडी उठली आणि विहिरीजवळ नव्याने वसली. मागे राहिलेल्या घरांच्या मातीच्या भिंती, चुलींची राख, गोठ्यांतला केर, उकिरडे, जनावरांची हाडं हे सगळं पावसात खचत खचत गेलं आणि त्याची एक टेकडी झाली. माणसं जिथे कितीतरी पिढ्या जेवली, निजली आणि मेली, तिथली ती राखट पांढुरकी माती. गाडीभर आणून वाळूत कालवली की वाळू पाणी धरू लागायची आणि घोट्याएवढी राहणारी बाजरी छातीला लागायची. गावाला दुसरं खत नव्हतं. आपल्या मेलेल्या गावावरच ते गाव जगत होतं.

टेकडीच्या माथ्यावर पूर्वेच्या कडेला एक शेंदरी दगड होता. ती पांढरीआई. तिच्या माथ्यावर कुदळ लावायची नाही, हा गावाचा नेम. तो नेम कुणी मोडला नाही. म्हणून सगळ्यांनी टेकडी बाजूने खणली. ज्याचं रान ज्या अंगाला, त्याची खाण त्या अंगाला. माथा तसाच राहिला आणि खालून टेकडी पोखरत गेली. आणि माथ्यावर नांगर चालत नाही, ती जागा कुणाच्याच मालकीची नाही, म्हणून गावाने श्रमदानाने शाळा बांधली तीही तिथेच. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे. फळ्याच्या भिंतीमागे चार पावलांवर पांढरीआई.

ती भिंत पूर्वेची होती. आणि पूर्वेची खाण तायाप्पाची, म्हणजे भामाच्या वडिलांची.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी खाली उतरले. तायाप्पाचा भाऊ सोपान गाडीत पाट्या रिकाम्या करत होता. खाणीचं तोंड दाराएवढं होतं, पण आतला अंधार खूप लांबवर गेलेला दिसत होता. तायाप्पा बाहेर आला तो नखशिखांत पांढरा. पापण्यासुद्धा पांढऱ्या. फक्त हसला तेव्हा दात आणि जीभ तेवढी माणसाची वाटली.

"तायाप्पा, तुम्ही शाळेच्या खाली आलाय," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"घाव ऐकू येतात आम्हाला. जमिनीला भेग पडलीय. रोज रुंदावतेय."

"आवं बाई, उन्हाळ्यात भेगा पडायच्याच. माझ्या टाचा बघा." त्याने खरंच पाय उचलून दाखवला. सोपान खो खो हसला. "तुमी वाईची काळी माती खाल्ल्याली माणसं. तुमास्नी पांढरीची काय म्हायती? ही माती लई घट्ट. आमचं खापरपणजं ह्याच मातीच्या भिंतीत निजलं."

"आणि त्या भिंती कुठे गेल्या?"

त्याने डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं.

"तीन सालं झाली, रानात काय पिकलं न्हाई, बाई. पाऊस यायच्या आत सगळ्या रानात हात हात पांढर पसरली, तर यंदा बाजरी हुईल. बाजरी झाली तर भामीला पाचवीला तालुक्याला धाडीन. तुमीच म्हणला न्हवं, पोरगी शिकण्याजोगी हाय म्हणून? मग ती कशावर शिकायची? वाळूवर?"

मी म्हटलं, "मग वरून खणा. माथ्यावरून थराथराने खरवडत या. शाळा आपण दुसरीकडे हलवू. पडवीत बसवीन मी मुलांना."

सोपानने हातातली पाटी खाली ठेवली. तायाप्पाने माथ्याकडे बघितलं.

"माथ्यावर आई हाय," तो म्हणाला.

"आईला हलवू."

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, जणू खाणीतलं कुणी ऐकेल, "पुन्यांदा असं बोलू नगा."

तरी मी गुणाबा गुरवाकडे गेले. पांढरीआईची पूजा त्याच्याकडे होती. तो म्हातारा भला होता. म्हणाला, "मी कोण न्हाई म्हणणार? तिलाच इचारू. कौल लावू."

मंगळवारी सकाळी सगळं गाव माथ्यावर जमलं. गुणाबाने दगडाला पाणी घातलं आणि दोन्ही अंगांना कण्हेरीचं एक एक फूल चिकटवलं. उजवं पडलं तर आई हलायला तयार आहे. डावं पडलं तर नाही. सगळे हात जोडून उभे राहिले. त्या गर्दीच्या वजनाने आपल्या पायांखाली काय होत असेल, या विचाराने माझं लक्ष कौलाकडे लागेना. मी मुलांना लांब, उतरणीवर थांबवलं होतं.

फूल पडलं नाही. उजवंही नाही, डावंही नाही. ऊन चढलं, गुणाबाने दोनदा साकडं घातलं, बायकांनी पदर डोक्यावर ओढले. फुलं दगडाला घट्ट धरून होती. दुपारपर्यंत ती वाळली आणि शेंदराच्या तेलात चिकटून बसली. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आई बोलंना."

"न्हाई बोलली म्हंजी जसं हाय तसं ऱ्हाऊ दे," तायाप्पा म्हणाला. लोक घरी गेले.

कागदाची नवी पट्टी त्या दिवशी दुपारीच फाटली होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळा विहिरीजवळच्या लिंबाखाली भरवली. फळा मुलांनी डोक्यावरून आणला. गावात चर्चा सुरू झाली. बाईंनी आईची जागा सोडली, म्हणजे खाली काहीतरी धोका असणार. सरपंच म्हणाले म्हणे, की शाळाच उठली असेल तर पूर्वेची खाण बंद करावी लागेल. ते तायाप्पाच्या कानावर गेलं.

त्याच्या पुढच्या सकाळी लिंबाखाली भामा आली नाही.

"ती शाळंत बसलीया," नामाने सांगितलं. "वरच्या. येकलीच. तिच्या आबांनी बसीवलंय. म्हणालं, माझी पोर आत बसली, आता कोण म्हणतंय धोका हाय त्ये बघू."

मी मुलांना पाढे लिहायला दिले, लिंबाची सावली सोडून कुणी हलायचं नाही असं बजावलं आणि टेकडी चढले. मला आठवतं, चढताना मी टाच न टेकता चालत होते. वर वारा नव्हता. मुंग्यांची एक जाड काळी रांग शाळेच्या उंबऱ्यावरून बाहेर पडत होती. तोंडांत पांढरी अंडी.

भामा फळा जिथे असायचा तिथे, भिंतीला पाठ लावून बसली होती. मांडीवर पाटी. भेग तिच्या पायापासून वीतभर अंतरावर होती, आणि आता तिच्यात माझी चार बोटं सहज गेली असती.

"भामा, ऊठ. चल."

"आबांनी शपथ घातलीया, बाई. त्येनी हाक मारल्याबिगर उठायचं न्हाई."

"मी सांगेन आबांना."

"शपथ मोडली तर आबास्नी काय झालं म्हंजी?" तिचे डोळे कोरडे होते. ती रात्रभर रडून आली असावी.

खालून घाव येत होते. आता धप् असा आवाज राहिला नव्हता. टक् टक् असा, जवळचा, दारावर कुणी बोटाने वाजवावं तसा. प्रत्येक घावाला पाटीवरची पेन्सिल थोडी सरकत होती.

ओढून न्यावं तर ती हात झटकणार, पाय आपटणार. त्या जमिनीवर मला पाय आपटलेला नको होता. मी उंबऱ्याच्या आत, भिंतीच्या कडेने गेले आणि तिच्यापासून थोडी लांब बसले.

"बरं. नाही उठायचं तर नको. पाढा म्हण. तेराचा. आबांना ऐकू जाईल असा मोठ्याने."

तिने माझ्याकडे बघितलं. हुशार मुलं कधी कधी असं बघतात की आपल्याला वाटतं, यांना सगळं कळलं. मग तिने तोंड जमिनीकडे वळवलं आणि सुरू केलं.

"तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस..."

टक् टक् थांबलं.

"तेरा चोक बावन्न..."

"भामे?"

आवाज आमच्या मधून आला. एकाच वाकळेखाली निजलेल्या माणसाने हाक मारावी, इतका जवळून.

"आबा?"

"कुठनं बोलतीयास?"

"शाळंतनं, आबा. तुमीच बसीवलंय न्हवं?"

खाली काहीच हललं नाही. आम्हाला त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला आमचा येत असणार.

"शाळंत कुठं?"

"फळ्यापशी."

मग त्याने जे केलं ते मी कधी विसरले नाही. त्याने खालून जमिनीला हात लावला. घाव नाही, नुसता तळहात. भामाच्या पायाजवळची माती किंचित वर आली आणि पुन्हा बसली.

"बाई हायत का तितं?"

"आहे, तायाप्पा."

"बाई, पोरीला उचला." त्याचा आवाज अगदी शांत होता. बैल बुजू नये म्हणून माणूस बोलतो तसा. "चालवू नगा. उचला. भिंतीकडंनं जावा, मधनं न्हाई."

"तुम्ही आधी बाहेर पडा."

"माती सुटाय लागलीया. मी खांदा दिलाय. तुमी निघा, मग मी निघतो."

"आबा, तुमची शपथ?" भामाने विचारलं.

"सुटली, बाळा. ऊठ."

मी तिला उचललं. नऊ वर्षांची मुलगी, पण तेव्हा तिचं वजन मला जाणवलंच नाही. जाणवत होतं ते माझं स्वतःचं. भिंतीला पाठ घासत, एकेक पाऊल आधी चाचपून मग टेकत मी दारापर्यंत आले. उंबरा ओलांडला. मुंग्या ओलांडल्या. उतरणीवर कठीण मुरुम लागला तेव्हा तिला खाली ठेवून मी ओरडले, "तायाप्पा! निघालो आम्ही!"

"बरं," असं तो म्हणाला. ते मी ऐकलं, की ऐकल्यासारखं मला वाटलं, हे आज सांगता येणार नाही.

फार मोठा आवाज झाला नाही. एखादं थोरलं जनावर दमून खाली बसावं, तसा हुंकार आला. शाळेचे पत्रे वाकले, भिंती आत झुकल्या आणि सगळं खाली गेलं. पांढऱ्या धुळीचा एक लोट उठला. त्यात थोडा वेळ आम्हीच आम्हाला दिसेनासे झालो.

धूळ बसली तेव्हा आम्ही वळसा घालून पूर्वेच्या अंगाला पळालो. सोपान गाडीजवळ उभा होता, हातात पाटी तशीच. भरलेली गाडी शाबूत, बैल शाबूत. विहिरीवरून माणसं धावत आली, खोरी आणि कुदळी घेऊन. आणि येऊन थांबली.

खाणीचं तोंड ढासळलेल्या मातीने बुजलं होतं आणि बरोबर त्या तोंडावर, उतरंडीवर, पांढरीआई उताणी पडली होती. वाळलेली दोन्ही फुलं अजून तिला चिकटलेली.

"गुणाबाला बोलवा," कुणीतरी म्हणालं.

"गुणाबा बाजारला गेलाय."

"मग कोण हात लावणार?"

दहा-पंधरा धट्टीकट्टी माणसं होती. प्रत्येकाच्या हातात खोरं होतं. कुणी दगडाकडे बघत होतं, कुणी एकमेकांकडे. सोपानचे ओठ हलत होते. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. मातीवर चढले. पण माझ्या आधी भामा वर गेली होती. तिने दोन्ही हात शेंदरात रुतवले, पाय मागे रोवले आणि ढकललं. दगड हलला नाही. मी शेजारी जाऊन खांदा लावला. मग तो हलला, एकदा गोल फिरला आणि गडगडत खालच्या वाळूत जाऊन पडला.

भामाने लाल झालेले हात पुढे केले आणि माणसांना म्हणाली, "आता खणा की!"

त्यांनी खणलं. माणसं खणायला लागली म्हणजे कशी खणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. पण तायाप्पा सापडला तेव्हा उशीर झाला होता. तो उभाच होता. छताला खांदा दिल्यासारखा, मान वाकलेली.

त्यानंतर त्या टेकडीला कुणी हात लावला नाही. आई रागावली, असं सगळे म्हणाले. भरलेली गाडी पंधरवडाभर तशीच उभी होती. शेवटी गाडी दुसऱ्या कामाला हवी होती म्हणून सोपानने ती नेऊन भावाच्या रानात एका कडेला ओतली, आधी पसरलेल्या पांढरीच्या लगत, आणि मागे न बघता आला. भामाच्या आईने जून लागल्यावर जी होती ती बाजरी पेरली. पाऊस बेताचाच झाला.

भाद्रपदात गावभर बाजरी पिवळी, गुडघ्याएवढी, विरळ. तायाप्पाच्या रानात मात्र पांढर पडलेला पट्टा काळसर हिरवा. त्यात माणूस शिरला तर दिसला नसता. कणसं हातभर लांब. विहिरीवरून तो पट्टा दिसायचा आणि बायका तिकडे पाठ करून पाणी ओढायच्या. कणसं भरली, पिकली, वाळायला लागली. कापायला कुणी गेलं नाही. "त्यात तायाप्पा हाय," असं लोक म्हणायचे. भामाच्या आईनेही त्या रानाची वाट सोडली होती. पाखरं तेवढी येत होती.

एके दिवशी लिंबाखाली शाळा भरली असताना भामा आली. पाटीच्या जागी हातात विळा.

"बाई, आज मी शाळंला येणार न्हाई. कापणी हाय."

"कोण कोण आहे कापायला?"

"मी."

मी फळा पुसला. मुलांना म्हटलं, चला, आज शाळा तिकडे भरणार आहे. काही मुलं घाबरून घरी गेली. नामा आला, आणखी सहा-सात आली. आम्ही त्या उंच बाजरीत शिरलो. विळा भामाकडे होता. आम्ही कणसं हातांनी मोडत होतो. आत वारा लागत नव्हता आणि पानांचा आवाज एकसारखा येत होता.

बांधावर माणसं जमली. सोपान होता, गुणाबा होता, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका होत्या, त्यांच्यात भामाची आईही होती. कुणी आत आलं नाही. आम्हाला काय होतं, ते बघायला ती सगळी उभी होती.

भामाने एक कणीस दोन्ही तळव्यांत चोळलं, फुंकर मारून भूस उडवलं आणि राहिलेले दाणे माझ्यापुढे धरले.

"खावा, बाई. आबांनी खाण्यासाठीच माती भरली हुती."

मी दाणे तिच्या तळव्यावरून उचलले आणि तोंडात टाकले. टपोरे, टणक दाणे होते. चावताना आवाज झाला, तो बांधापर्यंत गेला असावा. कारण थोड्या वेळाने भामाच्या आईने पदर खोचला आणि ती बाजरीत उतरली.